कॉम्प्युटरला जोडून विज्ञानाचे प्रयोग: पहिल्यांदा सुरू करणाऱ्या शिक्षकांसाठी, अगदी पहिल्यापासून

बऱ्याच शाळांत कॉम्प्युटर लॅब असते, विज्ञानाची प्रयोगशाळा पण असते, पण दोन्हींच्या चाव्या वेगळ्या माणसांकडे, त्यामुळे कॉम्प्युटर पीपीटी आणि व्हिडिओ दाखवण्यापुरता राहतो आणि प्रयोगशाळेत अजून स्टॉपवॉच आणि काट्याचा व्होल्टमीटर. मग जे काही एका सेकंदाच्या आत घडतं, म्हणजे कपॅसिटर भरणं, चुंबक कॉइलमधून जाणं, आवाजाची लाट, ते मुलांना फक्त पुस्तकातल्या आकृतीत दिसतं. यूएसबीला लावायचा तळहाताएवढा एक बोर्ड आणला तर तोच कॉम्प्युटर ऑसिलोस्कोप (व्होल्टेज वेळेबरोबर कसं बदलतं ते दाखवणारं यंत्र) होतो, सिग्नल जनरेटर (हवी ती लाट तयार करून देणारं यंत्र) होतो आणि मिलिसेकंदाच्याही खालचा वेळ मोजतो. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलं असायची गरज नाही, प्रोग्रामिंग तर सुरुवातीला अजिबात नको. मी स्वतः शिकवताना हे सगळं वापरते आणि नवीन शिक्षक जिथे जिथे अडतात ते बघितलंय, म्हणून क्रमाने लिहिते.

१. खरेदीच्या आधी एक प्रयोग फुकटात करून बघा

काहीही विकत घेऊ नका, आधी लॅपटॉपचा माईक वापरा. साऊंड कार्ड साधारणपणे सेकंदाला ४४,१०० वेळा माप घेतं, म्हणजे वेळ मोजायला ते स्टॉपवॉचपेक्षा कितीतरी चांगलं. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर टाका, रेकॉर्डिंग सुरू करा आणि लॅपटॉपजवळ कडक फरशीवर रबरी बॉल सोडा. स्क्रीनवर प्रत्येक टप्प्याचा एक उंच खिळा दिसेल. पहिल्या आणि दुसऱ्या खिळ्याच्या मधला भाग सिलेक्ट केला की किती वेळ ते खाली लिहून येतं.

आता त्या वेळेवरून बॉल किती उंच उडाला ते काढता येतं: उंची = ग (गुरुत्वीय त्वरण, ९.८) गुणिले वेळेचा वर्ग, भागिले ८. वेळ ०.८० सेकंद आला तर ९.८ × ०.६४ ÷ ८ म्हणजे ०.७८ मीटर. भिंतीला मोजपट्टी चिकटवून, मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ घेऊन ताडून बघा. पुढच्या टप्प्यांचे वेळ पण मोजा, प्रत्येक वेळ आधीच्याच्या साधारण त्याच पटीत कमी होत जातो आणि ती पट म्हणजेच बॉल आणि फरशी या जोडीचा प्रत्यास्थापन गुणांक, म्हणजे बॉल किती उसळतो त्याचं माप. नववीची मुलं हे आरामात करतात.

एकच अडचण येते, हल्लीचे लॅपटॉप आजूबाजूचा गोंगाट स्वतःहून कापतात आणि बॉलचा ठोका त्यांना गोंगाटच वाटतो. आवाज नीट येत नसेल तर साऊंडच्या सेटिंगमध्ये जाऊन नॉइज सप्रेशन किंवा एनहान्समेंट बंद करा. आणि माईकच्या सॉकेटमध्ये बॅटरी, वायर असलं काही घालू नका, ते सॉकेट फार लहान व्होल्टेजसाठी असतं आणि स्थिर डीसी व्होल्टेज त्याला मोजताच येत नाही.

२. कुठला बोर्ड घ्यायचा

दोन मुख्य रस्ते आहेत.

पहिला अर्डुइनो उनो. स्वस्त, कुठेही मिळतो, माहिती भरपूर. ० ते ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक पायरी जवळजवळ ५ मिलिव्होल्टची. एका मापाला साधारण १०० मायक्रोसेकंद लागतात. तापमान, अंतर, उजेड असल्या सावकाश बदलणाऱ्या गोष्टींना हे पुरेसं आहे. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर वॉटरप्रूफ नळीत मिळतो, गरम पाणी निवताना दर सेकंदाला नोंद घ्या, न्यूटनच्या शीतलन नियमाचा आलेख सरळ समोर उमटतो. पण अर्डुइनोला उणे व्होल्टेज चालत नाही आणि थोडं तरी कोडिंग करावंच लागतं, उदाहरणं कॉपी करून काम भागतं ते वेगळं.

दुसरा एक्सपआयज (ExpEYES). दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरने २००४ मध्ये फिनिक्स नावाचा प्रकल्प सुरू केला, घरच्या घरी करता येतील अशी उपकरणं वापरून भौतिकशास्त्र शिकवावं म्हणून, त्यातून हा बोर्ड आला. डिझाइन खुलं आहे, सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि खास शिकवण्यासाठीच बनवलाय हे वापरताना जाणवतं. सध्याच्या एक्सपआयज-१७ मध्ये अधिक-उणे १६ व्होल्टपर्यंत मोजणारे दोन इनपुट, माईकसाठी वेगळं इनपुट, ५ हर्ट्झ ते ५ किलोहर्ट्झचा साइन वेव्ह जनरेटर, कमीजास्त करता येणारे व्होल्टेज, कपॅसिटन्स आणि रेझिस्टन्स मोजायची सोय, सगळं एकाच डब्यात आहे. माप १२ बिटचं (म्हणजे रेंजचे ४०९६ भाग) आणि वेग सेकंदाला १० लाख मापांपर्यंत.

माझं मत स्पष्ट आहे. आठवी ते बारावीच्या भौतिकशास्त्रासाठी एकच वस्तू घ्यायची असेल तर एक्सपआयज घ्या, कारण मेन्यूत प्रयोग तयार असतात आणि तुमचा सगळा वेळ विज्ञानावर जातो. कोडिंग क्लब असेल, मुलांना स्वतः काही बनवायचं असेल तर अर्डुइनो. पुढचं सगळं एक्सपआयज धरून लिहिलंय. बोर्डावर पिनांची नावं इंग्रजी अक्षरांत छापलेली असतात, तीच इथे मराठीत दिलीत.

३. सामान आणि कागदपत्रं

सामान:
- बोर्ड, आणि डेटा जाणारी यूएसबी केबल (हे पुढे परत येणारच आहे)
- जुना का होईना पण चालणारा लॅपटॉप, प्रोजेक्टर असेल तर उत्तम
- रेझिस्टर: १ किलोओहम, १० किलोओहम, १ मेगाओहम, प्रत्येकी पाचसहा
- कपॅसिटर: १ मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड
- लाल, हिरवा, निळा एलईडी
- दोन पिझो बझर डिस्क, एक कंडेन्सर माईक
- हजारभर किंवा जास्त वेढ्यांची कॉइल, आतून जाईल असं छोटं निओडिमियम चुंबक
- ब्रेडबोर्ड, जोडायच्या वायरी, एक साधा मल्टिमीटर

किटबरोबर यातलं काही येतं, आधी डबा उघडून बघा आणि मग बाजारात जा.

कागद: मुख्याध्यापकांना अर्ज, त्यात कोणत्या इयत्तेचे कोणते प्रयोग होणार ते लिहा म्हणजे मंजुरीला सोपं जातं. दरपत्रकं, जीएसटीचं बिल, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद. रेझिस्टर, एलईडीसारख्या संपणाऱ्या वस्तूंची नोंद वेगळी ठेवा, नाहीतर वर्षअखेरीला जळालेल्या एलईडीचा हिशोब द्यायची वेळ येते. आणि लॅबच्या कॉम्प्युटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड ज्यांच्याकडे आहे त्यांना आधीच सांगून ठेवा, सॉफ्टवेअर टाकताना तो लागतोच.

४. सॉफ्टवेअर टाकणं

सगळ्यात जास्त लोक इथेच हरतात आणि बोर्ड कपाटात जातो, म्हणून जरा सावकाश वाचा.

विंडोजवर इन्स्टॉलर असतो, लिनक्सवर डेबियन आणि उबंटूसाठी पॅकेज आहे. अँड्रॉइड मोबाईलवरही चालतं, त्याला ओटीजी केबल (मोबाईलला यूएसबीची वस्तू जोडायची केबल) लागते. सॉफ्टवेअर टाकलं, बोर्ड लावला, आणि 'डिव्हाइस सापडलं नाही' असा मेसेज आला तर या क्रमाने बघा:

आधी केबल बदला. मोबाईल चार्जरच्या काही केबलींमध्ये फक्त वीज जाणाऱ्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. बोर्डावरचा दिवा लागतो, त्यामुळे आपल्याला वाटतं केबल ठीक आहे, आणि तासभर ड्रायव्हर शोधण्यात जातो. चांगली केबल सापडली की तिला रंगीत टेप लावा आणि बोर्डाच्या डब्यातच ठेवा.

मग पोर्ट बदला. पुढच्या पॅनेलचे पोर्ट आणि यूएसबी हब कधी कधी पुरेशी वीज देत नाहीत, डेस्कटॉपच्या मागचा पोर्ट वापरा.

मग ड्रायव्हर. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दिसत असेल तर बोर्डावरच्या यूएसबी चिपचा ड्रायव्हर नाहीये. अर्डुइनोच्या स्वस्त नकलांमध्ये बहुतेकदा सीएच३४० चिप असते, तिचा ड्रायव्हर काही कॉम्प्युटरवर वेगळा टाकावा लागतो.

लिनक्सवर परवानगीची भानगड असते. तुमचं युजरनेम डायलआउट ग्रुपमध्ये घालावं लागतं, आणि घातल्यावर लॉगआउट करून परत लॉगिन करायचं, हे दुसरं पाऊल विसरलं की काहीच बदललं नाही असं वाटतं.

हे सगळं वर्ग नसताना, आदल्या दिवशी करा. आणि ज्या कॉम्प्युटरवर चाललं तोच वर्गात वापरा.

५. काय कुठे लावायचं नाही

प्रयोगाच्या आधी हे वाचून घ्या, मुलांनाही वाचून दाखवा.

घरातली २३० व्होल्टची वीज या बोर्डाला कधीही, कशीही जोडायची नाही. 'मधे मोठा रेझिस्टर टाकू' असं कोणी म्हटलं तरी नाही. बोर्डाचा ग्राउंड (शून्य व्होल्टची पिन) थेट कॉम्प्युटरच्या ग्राउंडला जोडलेला असतो, म्हणजे चूक झाली तर बोर्ड, कॉम्प्युटर आणि हात लावलेला मुलगा तिन्ही धोक्यात. ट्रान्सफॉर्मरचा प्रयोग करायचा तर वेव्ह जनरेटरच्या ३ व्होल्टवर दोन कॉइल ठेवून करा, तत्त्व तेच दिसतं.

आउटपुट आउटपुटला जोडू नका. पीव्ही१ (कमीजास्त करता येणारं व्होल्टेज) आणि डब्ल्यूजी (वेव्ह जनरेटर) हे व्होल्टेज देणारे, ए१, ए२, ए३ हे मोजणारे, या दोन गटांना दोन रंगांच्या वायरी ठरवून टाका. ए१, ए२ ला अधिक-उणे १६ व्होल्ट चालतात, ए३ ला फक्त ३.३, त्यामुळे ९ व्होल्टची बॅटरी ए३ ला लावायची नाही. मोटर, बल्ब यांना हे आउटपुट चालवू शकत नाहीत, त्यांची ताकद काही मिलिअँपिअरचीच आहे.

६. पहिली तपासणी

पीव्ही१ पासून ए१ ला एक वायर. स्क्रीनवर पीव्ही१ ला ३ व्होल्ट द्या, ए१ वर ३ च्या अगदी जवळ आकडा दिसायला हवा, मल्टिमीटरने पण बघा. मग तीच वायर डब्ल्यूजीवरून ए१ ला, फ्रिक्वेन्सी १००० हर्ट्झ, १० मिलिसेकंदाच्या पट्ट्यात १० लाटा मोजता येतील.

तिसरी तपासणी मला फार आवडते. ए३ मध्ये हातभर लांब वायर लावा, दुसरं टोक हवेत मोकळं सोडा, कुठेही लावू नका. खोलीत वीज चालू असेल तर स्क्रीनवर डुलणारी लाट दिसते, तिचा आवर्तकाळ २० मिलिसेकंद, म्हणजे ५० हर्ट्झ. भिंतीतल्या वायरिंगमधून ती हवेतून उचलली जाते. वायरचं प्लास्टिक हातात धरलं की लाट बदलते, खिडकीकडे नेलं की बदलते, मुलं पाच मिनिटं नुसती वायर घेऊन खोलीभर फिरतात. फिरू द्या.

७. पहिले तीन प्रयोग

*कपॅसिटर भरणं.* ओडी१ (शून्य किंवा ५ व्होल्ट देणारी पिन) पासून १ किलोओहम, पुढे १ मायक्रोफॅरड कपॅसिटर, त्याचं दुसरं टोक ग्राउंडला, रेझिस्टर आणि कपॅसिटरच्या जोडावर ए१. मेन्यूतून आरसी सर्किट निवडा. ओडी१ शून्यावरून ५ व्होल्टवर जातो आणि कपॅसिटर वळण घेत भरतो. आर गुणिले सी म्हणजे १ मिलिसेकंद, तेवढ्या वेळात व्होल्टेज ६३ टक्क्यांवर म्हणजे ३.१६ व्होल्टला पोचायला हवं. तुमचं ०.९ किंवा १.१ मिलिसेकंद आलं तर घाबरू नका, कपॅसिटरवर छापलेल्या आकड्यात १०-२० टक्के फरक असणं नेहमीचं आहे. कपॅसिटर काढून आयएन१ ला लावा, रेझिस्टर सेन्सरच्या पिनेला लावा, खरे आकडे मोजा आणि गुणाकार परत करून ताडून बघा.

उत्साहाच्या भरात कोणीतरी १ मेगाओहमचा रेझिस्टर लावतंच. मग व्होल्टेज ५ च्या ऐवजी अडीचलाच थांबतं. कारण ए१ चा स्वतःचा रोध १ मेगाओहम आहे, त्यामुळे अर्धं व्होल्टेज बाहेरच्या रेझिस्टरवर राहतं. हे मुद्दाम करून दाखवा. मोजणारं यंत्र मोजायच्या गोष्टीत ढवळाढवळ करतं हे दहावीतल्या मुलालाही यातून कळतं, आणि व्होल्टमीटरचा रोध मोठा का हवा हा परीक्षेतला प्रश्न पाठ करावा लागत नाही.

*चुंबक कॉइलमधून सोडणं.* कॉइलचं एक टोक ए१ ला, दुसरं ग्राउंडला. कॉइल उभी धरा, आतून प्लास्टिकची नळी, खाली स्पंज, कारण निओडिमियम चुंबक आपटलं की तुकडे होतात. मोबाईल आणि एटीएम कार्ड लांब ठेवा. मेन्यूतला विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा प्रयोग सुरू केला की सॉफ्टवेअर सिग्नलची वाट बघत बसतं, मग चुंबक सोडा.

दोन शिखरं येतात, एक वर आणि एक खाली. येताना कॉइलमधून जाणाऱ्या चुंबकीय बलरेषा (फ्लक्स) वाढतात, जाताना कमी होतात, म्हणून उलट. पण नीट बघा, दुसरं शिखर जास्त उंच आणि जास्त अरुंद असतं, कारण तोपर्यंत चुंबकाचा वेग वाढलेला असतो. चुंबक आणखी वरून सोडलं तर दोन्ही उंच होतात. आणि यातली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे दोन्ही शिखरांखालचं क्षेत्रफळ सारखं येतं, कारण जेवढा फ्लक्स आला तेवढाच गेला. अकरावी-बारावीला डेटा सेव्ह करून स्प्रेडशीटमध्ये नुसती बेरीज करायला लावा, इंटिग्रेशन म्हणजे काय ते तिथे समजतं. फॅरडेचा नियम फळ्यावर कितीही वेळा लिहिला तरी असा पोचत नाही.

*आवाजाचा वेग.* पिझो डिस्क डब्ल्यूजीला, तीच वायर ए१ ला, माईक माईकच्या इनपुटला. फ्रिक्वेन्सी ३५०० हर्ट्झच्या आसपास, जिथे बझर सगळ्यात मोठा वाजतो तिथे ठेवा. स्क्रीनवर दोन लाटा दिसतील. माईक हळूहळू मागे सरकवा, एक लाट दुसरीच्या मानाने सरकत जाते. दोन्हींची शिखरं एकाखाली एक असण्यापासून बरोबर उलटी होईपर्यंत माईक जितका सरकला ते अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. साधारण ४.९ सेंटिमीटर येतं, त्याला २ ने आणि ३५०० ने गुणलं की सेकंदाला ३४३ मीटर.

इथे पट्टीवर २ मिलिमीटर चुकलं तर उत्तर ४ टक्के चुकतं. म्हणून एका अर्ध्या लांबीवर थांबू नका, सलग तीनचार मोजा आणि भागा. टेबलावरून आवाज परावर्तित होतो आणि लाट मधेच लहानमोठी होते, दोन्ही वस्तू स्पंजवर उंच ठेवा. उन्हाळ्यात ३० अंशाला वेग ३४९ च्या आसपास असतो, त्यामुळे ३४३ पेक्षा जास्त आलं म्हणून खोडून ३४३ लिहायला लावू नका.

८. आलेख विचित्र दिसतोय तेव्हा

पायऱ्यापायऱ्यांचा आलेख: रेंज फार मोठी ठेवलीय. १६ व्होल्टच्या रेंजमध्ये ३२ व्होल्टचे ४०९६ भाग होतात, एक पायरी जवळजवळ ८ मिलिव्होल्टची. लहान सिग्नलला १ व्होल्टची रेंज घ्या.

वरून कापल्यासारखा सपाट आलेख: रेंज लहान पडलीय.

आलेख एका जागी थांबत नाही, पळतो: ट्रिगर (आलेख लाटेच्या कुठल्या जागेपासून काढायचा ते ठरवणारी सेटिंग) चुकीच्या चॅनलवर आहे.

फ्रिक्वेन्सी भलतीच कमी दिसते: हा खरा फसवा प्रकार. एका लाटेत निदान दहाबारा मापं तरी पडायला हवीत. मापं फार विरळ घेतली तर ३५०० हर्ट्झची लाट १०० हर्ट्झची असल्यासारखी दिसू शकते आणि दिसायला अगदी सुबक दिसते, त्यामुळे संशय येत नाही. वेळेची पट्टी कमी करून बघा, लाट बदलली तर आधीची खोटी होती.

नुसता ५० हर्ट्झचा थरथराट: ग्राउंडची वायर सुटलीय, दहातल्या आठ वेळा हेच.

९. वर्गात करताना

पन्नास मुलं आणि एक बोर्ड, तरीही तास चांगला होतो, एक अट पाळली तर. बटण दाबायच्या आधी प्रत्येकाने अपेक्षित आलेख वहीत पेनाने काढायचा. पेन्सिलने नाही, कारण नंतर खोडतात. चुंबकाच्या प्रयोगात बहुतेक मुलं एकच शिखर काढतात, काही दोन्ही वर काढतात, क्वचित कोणी दुसरं उंच काढतं. मग चुंबक सोडा. त्या क्षणी स्क्रीनकडे ज्या नजरेने बघतात ती नजर नुसतं दाखवलं तर येत नाही. अंदाज न घेता केलेला प्रयोग म्हणजे त्यांच्यासाठी अजून एक व्हिडिओच असतो, मग एवढं सामान मांडायचं कशाला? बोर्ड आणण्यापेक्षा ही सवय लावणं जास्त महत्त्वाचं आहे असं मला मनापासून वाटतं.

माऊस मुलांच्या हातात द्या, दर वेळी वेगळ्या. वायरी पण त्यांनीच लावायच्या, तुम्ही फक्त पाचव्या पायरीतले नियम पाळले जातायत का ते बघा. चुकीच्या अंदाजाला मार्क कापू नका, चुकलं का ते लिहायला मार्क द्या.

प्रत्येक प्रयोगाचा डेटा फाइलमध्ये सेव्ह करा, नावात तारीख, इयत्ता आणि प्रयोग. वीज गेली, प्रोजेक्टर रुसला तर मागच्या वर्षीचा डेटा छापून वाटता येतो आणि आलेख हाताने काढून घेता येतो. तास संपला की वायरी, केबल, चुंबक मोजून डब्यात भरा, चुंबक कागदात गुंडाळून बोर्डापासून वेगळं ठेवा, आणि झाकणाच्या आत सामानाची यादी चिकटवा म्हणजे पुढच्या तासाला दुसऱ्या शिक्षकांनाही डबा उघडून थेट सुरू करता येईल.